एफडी मोडण्याआधी: वेब डिझाईन की डेव्हऑप्स?

प्रश्न: माझी मुलगी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही कराडला राहतो. तिला वेबसाइट डिझाईन करायला मनापासून आवडतं, पण पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा म्हणतो, "मावशी, डिझाईन आता एआय करतं, तिला डेव्हऑप्सला घाल." पुण्याच्या एका क्लासने सहा महिन्यांचे ८५ हजार सांगितलेत, तेही आगाऊ. हे एफडी मोडायला तयार आहेत. काय करावं?
– एक आई

उत्तर:

नमस्कार ताई,

एफडी मोडू नका. निदान मुलीची परीक्षा होईपर्यंत तरी थांबा.

भाचा सांगतो त्यात तथ्य आहे. दुकानाचा पत्ता, चार फोटो, संपर्काचा फॉर्म अशी साधी साइट आज एआय काही मिनिटांत उभी करतं. तयार टेम्प्लेटचे रंग बदलून द्यायचं काम, ज्यावर नवी मुलं हात बसवायची, ते आटत चाललंय. डेव्हऑप्स म्हणजे लिहिलेला कोड सर्व्हरवर, म्हणजे साइट चालवणाऱ्या संगणकावर, चढवून तो चालू ठेवायचं काम. पण तेच एआय डॉकरच्या (ॲप डब्यात बांधून कुठेही चालवायचं साधन) फाइली आणि सर्व्हरची कॉन्फिगरेशनही लिहून देतं. म्हणजे डिझाईनमध्ये धोका आहे म्हणून डेव्हऑप्समध्ये पळायचं, तर तिथेही तोच पाऊस पडतोय.

डेव्हऑप्स हा शब्द रूढ झाला २००९ मध्ये बेल्जियममधल्या गेंट इथे भरलेल्या एका परिषदेनंतर. कोड लिहिणारे एका खोलीत आणि सर्व्हर सांभाळणारे दुसऱ्या, काही बिघडलं की एकमेकांकडे बोट. ही भिंत पाडायची, एवढाच मूळ विचार होता. क्लासच्या माहितीपत्रकात मात्र तुम्हाला टूल्सची नावं दिसतील, आणि नावं फार भरवशाची नसतात. सर्व्हर कोड लिहून उभे करायचं साधन असलेल्या टेराफॉर्मचंच बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने त्याचं लायसन्स (वापरायच्या अटी) बदललं, महिन्या-दीड महिन्यात लोकांनी जुन्या कोडवरून ओपनटोफू नावाचा वेगळा प्रकल्प लिनक्स फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखाली सुरू केला, आणि २०२५ च्या सुरुवातीला मूळ कंपनी आयबीएमने विकत घेतली. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसचं लायसन्स बदललं, तेव्हाही असाच वॉल्की वेगळा निघाला.

बदलत नाही ते खालचं: लिनक्स (बहुतेक सर्व्हर ज्यावर चालतात ती प्रणाली), नेटवर्क, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा). २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या क्लाउडवर, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरवर, दोन स्वयंचलित प्रक्रिया एकमेकींच्या पायात आल्या, एका महत्त्वाच्या डेटाबेस सेवेची डीएनएसमधली नोंद रिकामी झाली आणि जगभरातली कितीतरी ॲप्स तासन्‌तास बंद पडली. ही डीएनएस यंत्रणा १९८३ सालची. ॲमेझॉनच्या त्या घोळानंतर महिन्याभरात, १८ नोव्हेंबरला, असंख्य साइट्सची रहदारी सांभाळणारं क्लाउडफ्लेअर कोलमडलं, कारण एक फाइल ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठी झाली. अशा वेळी मुळाशी कोण जातं? ज्याने खालचे थर हाताळलेत तो. ते शिकवायला क्लासला वेळ नसतो, कारण ते माहितीपत्रकात चमकत नाही.

माझ्याकडे मार्गदर्शनाला येणाऱ्या एका विद्यार्थिनीने तिच्या गावच्या वाचनालयाची साइट स्वतः भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर ठेवली होती. एका सकाळी ग्रंथपालांचा फोन, "साइट उघडली की धोका आहे म्हणून येतंय." सुरक्षेचं सर्टिफिकेट संपलं होतं. आपोआप नूतनीकरणाची सोय तिने केलेली होती, मग झालं काय? दोन तास शोधल्यावर कळलं, डिस्क १०० टक्के भरली होती. लॉगच्या, म्हणजे सर्व्हरवर काय घडलं त्याच्या नोंदींच्या, फाइली कधी साफच केल्या नव्हत्या, त्यामुळे नवं सर्टिफिकेट लिहायला जागा उरली नव्हती. पुढे मुलाखतीत तिने हाच किस्सा सांगितला आणि समोरचा माणूस पेन खाली ठेवून ऐकत बसला. आता तर या सर्टिफिकेटची जास्तीत जास्त मुदत ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६ पासून २००, २०२७ मध्ये १०० आणि २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येणार हे ठरलेलं आहे. वर्षातून एकदा हाताने करायचं काम कायमचं यंत्रावर टाकावं लागेल, आणि त्या यंत्रावर लक्ष ठेवायला माणूस लागेलच.

आता डिझाईन. इथे मला तुमच्या मुलीच्या बाजूने बोलायचंय. इंग्रजी साइटवरून उचललेली सजावट मराठी मजकुरावर टाकली की काय होतं, तिला करून बघायला सांगा. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. ओळींमधलं अंतर कमी ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला चिकटतो. काही फॉन्टमध्ये आपल्या वळणाचे ल आणि श असतात, पण पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगितल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत. हे ज्याला डोळ्यांना खुपतं तोच दुरुस्त करतो. एआयला ते आपणहून खुपत नाही.

शिवाय सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारी भाषा, आता पूर्वीची राहिलेली नाही. ज्या गोष्टींसाठी जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा लिहावी लागायची, त्यातल्या पुष्कळ २०२३ अखेरपासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये थेट होतात. आणि सुगम्यता, म्हणजे अपंगांनाही साइट नीट वापरता येणं, हा विषय तिने आत्ताच हाती घ्यावा. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. युरोपातला सुगम्यतेचा कायदाही २८ जून २०२५ पासून लागू झालाय, आणि आपल्याकडच्या अनेक कंपन्या तिथल्या ग्राहकांची कामं करतात. पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर लावून, डोळे मिटून स्वतःचं पान वापरून बघणारी मुलं मला फार थोडी भेटतात. मनापासून सांगतो, याची खंत वाटते.

म्हणून माझं म्हणणं असं. तिने एक खरी साइट करावी, ज्यांना तिची गरज आहे अशा माणसांसाठी: तुमचं महिला मंडळ, गल्लीतली लायब्ररी, कुणाची रोपवाटिका. डोमेनला (साइटच्या नावाला) वर्षाला हजार-बाराशे, छोट्या सर्व्हरला महिन्याला पाचशेच्या आसपास. डिझाईनही तिचं, सर्व्हरही तिचाच. बॅकअप घ्यायचा आणि तो परत चढवून बघायचा. शिकायला एमडीएन या वेबची माहिती देणाऱ्या साइटची पानं आणि लिनक्सची माहिती फुकट आहे. सहा महिने ती साइट चालू ठेवली की तिला स्वतःलाच कळेल, जीव पानात रमतो की पानामागच्या यंत्रात. डेव्हऑप्समध्ये ड्यूटीची पाळी आली की रात्री तीनला फोन वाजतो आणि उठावं लागतं. काहींना त्यात चेव येतो, काहींना महिन्याभरात नको होतं. स्वभावाचा प्रश्न आहे, हुशारीचा नव्हे.

नंतरही क्लास हवासा वाटला, तर तिला घेऊन जा आणि विचारा: शिकवणाऱ्याने स्वतः सर्व्हर सांभाळलेत का? मुलांना मोडून दुरुस्त करायला स्वतंत्र सर्व्हर देता का? "शंभर टक्के प्लेसमेंट" लेखी देणार का? फी हप्त्यांनी घ्यायला कां कू केली तर उठून या.

एक गोष्ट राहिली. तुमच्या पत्रात भाच्याचं म्हणणं आहे, मिस्टरांची तयारी आहे, क्लासचा आकडा आहे. मुलीचं मात्र एकही वाक्य नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि सोबत तिच्या साइटचा पत्ता पाठवायला सांगा. मी ती मोबाईलवर उघडून बघेन आणि उत्तर तिलाच देईन.