कोट घेतलात, आता कागदांचा गठ्ठाही घ्या

नमस्कार. लाइपझिगच्या जुन्या बाजारात जर्मन रेल्वे पोलिसांचा म्हणून एक गडद निळा कोट आणि टोपी तुम्ही 220 युरोंना घेतली, विक्रेत्याने 'राइख्सबान (म्हणजे जर्मनीची सरकारी रेल्वे), 1930 चे दशक' असे सांगितले, त्यासोबत 30 युरोंना देऊ केलेला कागदांचा गठ्ठा मात्र अक्षर लागत नाही म्हणून तुम्ही तिथेच सोडला, आणि आता कोट अस्सल आहे की नाही हे शिलाईवरून कसे ओळखावे असे विचारता आहात. शिलाईबद्दल पुढे लिहितो. पण गठ्ठा सोडल्याचे वाचले आणि मला राहवले नाही, कारण नेमकी हीच चूक मी केली होती आणि या छंदात माझे सर्वांत मोठे नुकसान तिनेच केले.

तेव्हा मी न्यूरेंबर्गमध्ये नोकरीला होतो. जवळच्या एका गावात एका निवृत्त रेल्वे पोलिसाचे घर रिकामे केले जात होते आणि त्यांच्या मुलीने मला कोट, टोपी, कमरपट्टा आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दाखवला. डब्यात ओळखपत्र होते, नेमणुकीचे आणि बढतीचे आदेश होते, गणवेशाच्या कपड्यांचा हिशेब असलेली एक छोटी वही होती आणि फलाटावर काढलेली काही छायाचित्रे होती. त्या बाई डबा फुकट देत होत्या. मला गाडी पकडायची होती, हातात मावत नव्हते, म्हणून कपडे घेतले आणि डबा पुढच्या खेपेला नेतो असे सांगून निघालो. पाच आठवड्यांनी गेलो तेव्हा घराला नवा मालक आला होता आणि कागद रद्दीच्या पिंपात गेले होते. कोट आजही माझ्याकडे आहे. तो कोणत्या हुद्द्याचा आणि कोणत्या ठाण्यावरचा, हे मी आज खात्रीने सांगू शकत नाही.

कागदांवर एवढा भर देण्याचे कारण जर्मन रेल्वेच्या रचनेतच आहे. पश्चिम जर्मनीच्या सरकारी रेल्वेत, म्हणजे बुंडेसबानमध्ये, पूर्णवेळ रेल्वे पोलीस होते, पण 1967 च्या रेल्वे नियमावलीने स्टेशनप्रमुख, गाडीचे गार्ड, तिकीट तपासणारे अशा साध्या कर्मचाऱ्यांनाही रेल्वेच्या हद्दीत पोलिसाचे अधिकार दिले होते. त्यामुळे 'हा रेल्वे पोलिसाचा कोट आहे' असे म्हणणारा विक्रेता खोटे बोलत असेलच असे नाही. तो कोट एखाद्या गार्डाचाही असू शकतो. पंखांचे चाक हे टोपीवरचे चिन्ह तर सगळ्याच रेल्वेवाल्यांचे होते. लाल टोपी पाहून 'मोठा पोलीस अधिकारी' असे सांगणारेही मला भेटले आहेत. ती टोपी फलाटावरून गाडी सोडणाऱ्या अधिकाऱ्याची असते, चालकाला आणि गार्डाला तो लांबून दिसावा म्हणून. कापडाला हा फरक सांगता येत नाही. ओळखपत्र आणि नेमणुकीचा आदेश तो एका ओळीत सांगतात.

डबा गमावल्यावर मी माहितीसाठी एका कार्यालयाला पत्र लिहिले. त्याचे नाव देत नाही, कारण आता तिथली माणसे बदलली असतील. पहिल्या पत्राला चार महिन्यांनी उत्तर आले की जन्मतारीख कळवा. ती मी त्या मुलीकडून फोनवर मिळवली, तर दुसऱ्या उत्तरात मृत्यूचा दाखला मागितला. तोही तिने पाठवला. तिसऱ्या उत्तरात सेवा क्रमांकाशिवाय शोध घेता येणार नाही असे लिहिले होते, आणि सेवा क्रमांक फक्त त्या डब्यातल्या ओळखपत्रावर होता. काय काय लागेल याची यादी पहिल्याच पत्रात दिली असती तर माझे आणि त्या बाईंचे जवळपास वर्ष वाचले असते, आणि वडिलांच्या दाखल्यासाठी तिला दोनदा खेटे घालावे लागले नसते. याची चीड मला अजून येते. आता संघीय अभिलेखागाराचा 2017 चा कायदा आहे. त्यानुसार व्यक्तीविषयीची कागदपत्रे साधारणपणे मृत्यूनंतर 10 वर्षांनी आणि मृत्यूचे वर्ष कळतच नसेल तर जन्मानंतर 100 वर्षांनी खुली होतात. म्हणजे नाव, जन्मतारीख आणि शक्य तर मृत्यूचे वर्ष हाताशी असेल तर तुमचा अर्ज पुढे सरकेल, आणि या गोष्टी सापडल्या तर बहुधा त्या गठ्ठ्यातच सापडतील.

आता तुमच्या कोटाबद्दल. 'राइख्सबान' हा शब्द ऐकून 1945 पूर्वीचा काळ गृहीत धरू नका. पश्चिमेकडे 1949 मध्ये बुंडेसबान हे नाव आले, पण पूर्व जर्मनीने राइख्सबान हेच नाव चालू ठेवले आणि ते 1993 च्या अखेरीपर्यंत टिकले. लाइपझिग तर पूर्वेचे मोठे जंक्शन, त्यामुळे तिथल्या बाजारात राइख्सबानच्या नावाने विकली जाणारी वस्तू पूर्व जर्मनीची असण्याचाच संभव मी जास्त मानतो. शिवाय पूर्वेत रेल्वेवरचे पोलीस काम ट्रान्सपोर्टपोलित्साय करत असे आणि ती गृहखात्याच्या पोलीस दलाचा भाग होती, रेल्वेची नव्हती. म्हणून 'राइख्सबानचा पोलीस' हे वर्णन त्या काळासाठी सैलच ठरते.

आतल्या खिशाजवळची चिठ्ठी नीट पाहा. तिच्यावर VEB (उच्चार 'फाउ-ए-बे') ही तीन अक्षरे असतील तर ती पूर्व जर्मनीतल्या सरकारी मालकीच्या कारखान्याची खूण आहे आणि 1930 च्या दशकाचा प्रश्न तिथेच मिटतो. ग्रिझुटेन हे नाव दिसले तर ते पूर्वेतले पॉलिएस्टर आहे. शिंप्याचा किंवा कारखान्याचा पत्ता असेल तर पिनकोडाचे आकडे मोजा. चार आकडी पिनकोड दोन्ही जर्मनींत 1960 च्या दशकात आले आणि पाच आकडी 1 जुलै 1993 पासून. बुंडेसबानच्या रेल्वे पोलिसांचे काम 1 एप्रिल 1992 रोजीच संघीय सीमा सुरक्षा दलाकडे गेले होते (हेच दल 2005 पासून संघीय पोलीस म्हणून ओळखले जाते), तेव्हा रेल्वे पोलिसाच्या कोटावर पाच आकडी पिनकोडाची चिठ्ठी दिसली तर निदान ती चिठ्ठी तरी नंतर शिवलेली आहे. अतिनील दिव्याखाली धागा निळसर पांढरा चमकला तर संशय घ्यावा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नये, कारण अलीकडच्या साबणाने धुतलेले जुने कापडही तसेच चमकते.

कोट खरोखर 1933 ते 1945 मधला निघाला, तर तो जवळ ठेवायचा की नाही याचा विचार करा. हे माझे वैयक्तिक मत आहे, नियम नव्हे. ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्या याच राइख्सबानने चालवल्या. त्या काळचा गणवेश कपाटात शोभेसाठी टांगणे मला जमत नाही, आणि असा एक कोट हाती आला तेव्हा मी तो एका संग्रहालयाला दिला. स्वस्तिक असलेली वस्तू जर्मनीत जाहीरपणे दाखवणे दंडसंहितेच्या कलम 86 अ खाली गुन्हा ठरू शकते; संशोधन आणि शिक्षण यांना सवलत आहे, बाजारातल्या टेबलाला ती आपोआप लागू होत नाही. पोलिसी गणवेश अंगावर घालून बाहेर पडू नका; आजच्या अधिकृत गणवेशाशी त्याची गल्लत होण्यासारखी असेल तर कलम 132 अ लागू होऊ शकते. मी वकील नाही, त्यामुळे शंका वाटल्यास जाणकाराला विचारा.

जाता जाता जपणुकीचे दोन शब्द. लोकरीला कसर लागली असण्याची शक्यता धरून कोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवा आणि मगच कपाटात लावा. बटणांना चिंच किंवा पितांबरी अजिबात लावू नका, कारण घासलेल्या बटणाचे वय कोणालाच सांगता येत नाही. पुढे भारतात न्यायचा विचार असेल तर टपालाने पाठवण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाकडे चौकशी करा. वापरलेल्या कपड्यांची आयात आपल्याकडे निर्बंधित आहे आणि अडकलेले पार्सल सोडवणे सोपे नसते.

अक्षराला घाबरून गठ्ठा सोडू नका. ती बहुधा कुरेंट किंवा ज्यूटरलीन ही जुनी जर्मन हस्ताक्षराची लिपी असेल. ज्यूटरलीन 1915 पासून प्रशियाच्या शाळांत शिकवत आणि 1941 मध्ये ती बंद झाली, तरी तीत शिकलेली माणसे पुढेही तसेच लिहीत राहिली. आपल्याकडे मोडी वाचणारे जसे शोधले तर सापडतात, तसे ही लिपी वाचणारे वयस्क लोक आणि हौशी अभ्यासक प्रत्येक मोठ्या जर्मन शहरात आहेत, आणि आदेशांचा महत्त्वाचा भाग बहुतेक वेळा टंकलिखित किंवा छापील असतो. विक्रेता पुढच्या शनिवारी पुन्हा येणार असे तुम्ही लिहिले आहे. सकाळी लवकर जा, 30 युरो रोख ठेवा, घासाघीस करू नका, आणि त्या कोटाचे घर कोणत्या गावात होते हे त्याच्याकडून विचारून तिथल्या तिथे तारखेसह लिहून घ्या. गठ्ठा हाती आला की दोरा सोडण्याआधी कागद ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने त्यांची छायाचित्रे काढा.