अख्खी बाई नको, एक बाही पुरे

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. जुन्या पेहरावावर तू हाताने केलेली पाचही भेटकार्डं पोचली. पहिल्यावर नऊवारीतली बाई, तिला नथ, चंद्रकोर, खोपा, गजरा. शेजारी तुळशीवृंदावन, खाली पैठणीचा काठ आणि उरलेल्या कोपऱ्यात आरसे. अगं, हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्याजणी एकाच पाटावर बसल्यासारखं झालंय! रागावू नकोस, माझीही सुरुवातीची कार्डं अशीच होती.

जुना पेहराव ओळखू येतो तो चेहऱ्यावरून नाही, तर नेसण्यावरून आणि शिवणीवरून. पाठमोऱ्या बाईचा काष्टा, पोलक्याची फुग्याची बाही, चोळीची पुढे मारलेली गाठ, यांतलं एकच काहीतरी घे आणि बाकीचा कागद कोरा सोड. चेहरा तर काढूच नकोस. तुझा हात चेहऱ्यात अडखळतो आणि बघणाऱ्याची नजरही तिथेच अडकते.

कापड मात्र तू छान निवडलंयस. खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, बागलकोट जिल्ह्यातला, पण आपल्याकडच्या बायकांनी तो इतका आपला केला की परका वाटतच नाही. तो चोळीसाठीच विणतात, म्हणून पन्हा लहान. दुकानात त्याच्या त्रिकोणी घड्या रचून ठेवलेल्या असतात, आठवतंय? ती घडी म्हणजे आयतं चित्र आहे. बोटभर उंचीचा त्रिकोण, काठ खालच्या बाजूला, बस्स. फक्त बुट्टी बारीक बघून घे. मोठी बुट्टी लहान कार्डावर अर्धी कापली जाते आणि ठिगळासारखी दिसते.

आता तुझ्या खणावरचे ते कडक, चकचकीत डाग. फेविकॉल थेट कापडाला लावलास ना? तो विणीतून वर येतो. मी याच पायी एक जांभळा खण वाया घालवलाय. आधी कापडाच्या उलट बाजूला पातळ खळ लाव, सावलीत वाळव, इस्त्री फिरव. मग कापताना दशा सुटत नाहीत. चिकटवायला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बरी, तिने कागदाला पोक येत नाही.

कागद जाड, अडीचशे ते तीनशे जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) घे. ए-फोर मधोमध कापून प्रत्येक अर्ध दुमडलं की १४८ बाय १०५ मिलिमीटरचं कार्ड होतं आणि १६२ बाय ११४ च्या पाकिटात आरामात बसतं. कापण्याआधी कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघ. ज्या दिशेने सहज वाकतो तशी घडी घाल, नाहीतर दुमडीवर तडा जातो. घडीची रेघ पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने ओढ.

आजीच्या लग्नाच्या फोटोला कात्री लावायची नाही, हे सांगायला हवं का? झेरॉक्सवाल्याकडून लेझर प्रिंट काढ. घरच्या इंकजेटची शाई डिंकाच्या ओलीने पसरते. फोटो काळा-पांढरा असेल तर तसाच राहू दे. त्या शालूचा रंग आपण कशाला ठरवायचा? साडीच्या काठावर फक्त जरीची एक अरुंद पट्टी चिकटव.

ही युक्ती माझी नाही. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे दगडावरून, दर रंगाला वेगळा दगड वापरून, चित्रं छापत. अशी छापील लक्ष्मी-सरस्वती घरी आणून लोक तिच्या साडीवर कापड, जर, टिकल्या चिकटवत आणि मग काच लावत. कुठे जुन्या वाड्यात असं चित्र दिसलं तर जवळ जाऊन बघ. चेहऱ्याला आणि हातांना कुणी हात लावलेला नसतो, सगळी हौस वस्त्रावर आणि दागिन्यांवर.

मणी आणि आरसे टपालाने जाणाऱ्या कार्डांवर नकोत. माझ्या एका कार्डातल्या मण्यांनी आतल्या मजकुरावर खळगे पाडले होते. हातात द्यायच्या कार्डावर खुशाल लाव.

पुढच्या खेपेला नुसती एक बाही पाठव. खणाचे तुकडे संपले असतील तर कळव. आमच्या शिंपीणबाईंनी पिशवीभर चिंध्या दिल्यात, त्यात एक गर्द हिरवा आहे, काठासकट.

तुझी,
मावशी