सुट्टीपर्यंत कळ काढू नका: शिक्षकांच्या ताणाविषयी प्रश्नोत्तरे

शिक्षकांच्या पत्रांतून तोच गोंधळ पुन्हा पुन्हा समोर येतो, म्हणून एक मानसोपचारतज्ज्ञ या नात्याने त्यांतील काही प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : बर्नआउट, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने पार थकून जाणे, हा मानसिक आजार आहे का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या वर्गीकरणात त्याची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून आहे. मात्र त्याच्याआड नैराश्य दडलेले नाही ना, हे तपासणीवाचून सांगता येत नाही.

प्रश्न : दोन महिन्यांपासून आवाज बसला आहे. सहकारी म्हणतात, ताणामुळेच होते.

सहकाऱ्यांनी तुमचा घसा तपासलेला नाही. चार आठवड्यांहून अधिक काळ बसलेला आवाज कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवलाच पाहिजे.

प्रश्न : झोप लागत नाही म्हणून एका शिक्षिकेने तिच्याकडची अर्धी गोळी दिली. ती चालू ठेवू का?

ठेवू नका. झोपेच्या अनेक गोळ्यांची सवय काही आठवड्यांतच लागू शकते, आणि सवय लागल्यावर त्या एकाएकी थांबवणेही धोक्याचे असते. म्हणून किती दिवस घेतली, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. दीर्घकाळच्या निद्रानाशावर सीबीटी-आय या नावाने ओळखली जाणारी वर्तनोपचार पद्धती हा पहिल्या पसंतीचा उपचार आहे. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या ताणमुक्तीच्या गोळ्याही विचारल्याशिवाय घेऊ नयेत. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

प्रश्न : दीड महिना झाला, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर असतो आणि अर्धा तास तेच पान उघडे राहते. रविवारी संध्याकाळपासून धडधडते. मुलांवर ओरडतो, मग स्वतःचीच लाज वाटते. सुट्टीला सात आठवडे आहेत, तोवर कळ काढावी ना?

काढू नये. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे आणि त्यापायी गेलेला वेळ इतका पाहिला आहे, की येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. सुट्टीने थकवा उतरतो हे खरे, परंतु काम पुन्हा सुरू झाले की तिचा लाभ काही आठवड्यांतच ओसरतो, असे अभ्यासांत वारंवार आढळले आहे. कारण वर्ग तोच असतो, तपासणीचे ओझे तेच असते आणि मनात चिडलेले असतानाही चेहरा शांत ठेवण्याची रोजची मेहनतही तीच असते. उदासी किंवा कशातच रस नसणे दोन आठवडे जवळजवळ रोज टिकले, तर नैराश्याची तपासणी करावी, हा आमच्या शास्त्रातील साधा निकष आहे. तुमचा दीड महिना उलटला आहे. माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिका रोज सकाळी शाळेच्या फाटकाबाहेर गाडी बंद करून दहा मिनिटे हँडल धरून बसून राहत, आणि हे त्यांनी वर्षभर कोणालाही सांगितले नव्हते. त्या वर्षात दोन सुट्ट्या येऊन गेल्या होत्या. सोसत राहणे म्हणजे खंबीरपणा नव्हे. वेळीच मदत मागता येणे हा त्याचाच भाग आहे. याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या आणि थायरॉइड व रक्तक्षयाच्या तपासण्यांविषयीही विचारा, कारण थकवा आणि धडधड त्यांमुळेही असू शकते. जगणे नकोसे वाटत असेल, तर मात्र आजच कोणाला तरी सोबत घेऊन रुग्णालयात जा.

प्रश्न : शाळेने 'एका दिवसात तणावमुक्त शिक्षक' ही सशुल्क, प्रमाणपत्रासह कार्यशाळा ठेवली आहे. जावे का?

एका दिवसात कोणी तणावमुक्त होत नाही; तसे आश्वासन देणारा विक्री करत असतो. त्यापेक्षा कोणते काम कमी करता येईल, पालकांचे संदेश किती वाजेपर्यंत स्वीकारायचे आणि अवघड वर्गानंतर कोणत्या सहकाऱ्याशी बोलता येईल, हे मुख्याध्यापकांसोबत बसून ठरवणे अधिक उपयोगाचे आहे. ताणाचे मूळ वेळापत्रकात असेल, तर दीर्घ श्वासाने वेळापत्रक बदलत नाही.

प्रश्न : ध्यान करावे का?

बरे वाटत असेल तर जरूर करावे. अस्वस्थता वाढत असेल तर थांबवून तज्ज्ञांना सांगावे.

प्रश्न : उपचार घेतल्याचे शाळेला कळेल का?

तुमच्या संमतीशिवाय डॉक्टरांनी ते सांगणे अपेक्षित नाही. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजकेच अपवाद असतात. रजेसाठी प्रमाणपत्र लागणार असेल, तर त्यात नेमके काय लिहिले जाईल, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.