रागाने लिहिलेल्या कादंबरीविषयी

स. न. वि. वि.

तुमचे पत्र आणि हस्तलिखित दोन्ही मिळाले. संतापाच्या भरात लिहिलेली कादंबरी पुन्हा लिहायला घेतली तर तिच्यातील धग जाईल, अशी भीती तुम्ही व्यक्त केली आहे. हाच पेच १९३८ साली अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेकसमोर होता.

कॅलिफोर्नियातील सॅलिनस हे त्याचे जन्मगाव. तेथे १९३६ मध्ये लेट्यूस-कामगारांचा संप दडपण्यात आला होता. त्यावरून गावातील बड्या धेंडांची खिल्ली उडवणारी साठ-सत्तर हजार शब्दांची कादंबरी त्याने लिहिली आणि मे १९३८ मध्ये स्वतःच्या हाताने नष्ट केली. माणसांनी एकमेकांना समजून घ्यावे यासाठी आपण आजवर लिहिले, हे पुस्तक मात्र अर्धवट आकलनातून द्वेष पसरवणारे आहे, असे त्याने कळवून टाकले. (दोन वर्षांपूर्वी ‘ऑफ माइस अँड मेन’चे निम्मे हस्तलिखित त्याच्या कुत्र्याच्या पिलाने फाडले होते, तेव्हाही तो फारसा चिडला नव्हता. इतक्या औदार्याची अपेक्षा मी तुमच्याकडून करत नाही.)

त्यानंतर लगेच सुरू केलेली ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’, म्हणजे जमिनीवरून हुसकावलेल्या शेतकरी कुटुंबाची कादंबरी, त्याने २६ ऑक्टोबरला पूर्ण केली. या पाच महिन्यांना भुलू नका. त्यामागे १९३६ पासूनची पायपीट होती: स्थलांतरित शेतमजुरांवर वृत्तपत्रासाठी लिहिलेले सात लेख, कॅलिफोर्नियातीलच आर्विन येथील, मजुरांसाठीच्या सरकारी छावणीचे व्यवस्थापक टॉम कॉलिन्स यांनी बारकाईने नोंदवलेले मजुरांचे बोलणे-वागणे, आणि १९३८ च्या आरंभी व्हिसेलियाच्या पुरात उपाशी पडलेली कुटुंबे. लिहीत असताना रोज ठेवलेल्या रोजनिशीत तर आपण लेखकच नाही, लोकांना आणि स्वतःला फसवत आलो आहोत, असेही त्याने लिहून ठेवले आहे.

आता धगीचे. ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’चे पाचवे प्रकरण सावकाश वाचा. कुळाचे घर पाडायला आलेला ट्रॅक्टरचालक त्याच्याच ओळखीतला, शेजाऱ्याचा मुलगा निघतो. रोजचे तीन डॉलर मिळतात, घरी पोरे आहेत, म्हणून तो हे काम करतो. कूळ बंदूक रोखण्याची भाषा करते, तेव्हा चालक सांगतो की हुकूम बँकेचा आहे आणि बँकेला तो पूर्वेकडून येतो. मग गोळी घालायची तरी कोणाला? या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, आणि वाचकाचा संताप मात्र वाढत जातो. एका माणसाला खलनायक ठरवले असते, तर हा संताप त्याच्यापाशीच संपला असता.

समजून घेणे म्हणजे नमते घेणे, असा अर्थ कृपया काढू नका. कादंबरीचा शेवट बदलावा, असे प्रकाशकाने सुचवले, तेव्हा स्टाइनबेकने ठाम नकार दिला. पुढे कॅलिफोर्नियातील कर्न काउंटीने (जिल्ह्याने) ग्रंथालयांतून तिच्यावर बंदी घातली, तरी १९४० मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

तुमचा मुकादम पहिल्या पानापासून क्रूर आहे. त्याने स्वतः उचल कोणाकडून घेतली आहे, मजूर पळून गेला तर ती कोण फेडणार, हे तुम्हाला ठाऊक असणार. पण कादंबरीत ते कोठेही आलेले नाही. हस्तलिखित सोबत परत पाठवत आहे. मुकादम जेथे जेथे येतो, तेथे समासात पेन्सिलीने खूण केली आहे.

आपला,
एक जुना वाचक