वाचक विचारतात : कंपवातात एवढं दुखतं का?

प्रश्न : माझे यजमान ६७ वर्षांचे आहेत. एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. चार वर्षांपूर्वी उजवा हात थरथरू लागला आणि पार्किन्सन्सचं निदान झालं. त्याआधी वर्षभर उजवा खांदा धरला होता. शेक, मालिश, इंजेक्शन सगळं झालं. आता पहाटे उजव्या पायाची बोटं आत वळतात आणि पोटरीत अशी कळ येते की हे ओरडत उठतात. दुपारी अंगाची आग होते, पण नेमकी कुठे ते बोट ठेवून सांगता येत नाही. एक्स-रे, एमआरआय झाले. "वयोमानाप्रमाणे झीज आहे, बाकी काही नाही," असं सांगितलं. मुलगा म्हणतो, बाबा मनाला लावून घेतात. थरथरण्याच्या आजारात दुखणं येतं कुठून? आणि कपिकच्छूची पावडर सुरू करू का? — एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, आधी चिरंजीवांना हे पान वाचायला द्या. बाबांचं दुखणं खरं आहे आणि कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, ते मुळीच दुर्मीळ नाही. वेगवेगळ्या पाहण्यांत दहापैकी चार ते आठ रुग्णांनी दुखण्याची तक्रार सांगितली आहे. तरीही ओपीडीत आम्ही हात कसा हलतो, पाऊल कसं उचलतं हेच बघत बसतो, आणि रुग्णही दुखणं सांगत नाही. त्याला वाटतं, हा हाडांच्या डॉक्टरांचा विषय.

पायाला काटा टोचला की निरोप मज्जारज्जूतून वर मेंदूत जातो, एवढं शाळेत शिकवतात. वरून खालीही निरोप येत असतो, हे मात्र राहून जातं. मेंदूच्या देठात, म्हणजे मानेच्या वर जिथे मेंदू मज्जारज्जूला मिळतो तिथे, काही पेशींचे पुंजके असतात. नॉरअॅड्रेनलिन आणि सेरोटोनिन ही रसायनं वापरून ते वेदनेचा निरोप मज्जारज्जूतच दाबून टाकतात. तिथून निसटून जे वर पोचतं, ते किती दुखलं आणि किती असह्य वाटलं हे ठरवण्यात मेंदूतल्या इन्सुला, सिंग्युलेट अशा भागांचा वाटा असतो. त्या कामात डोपामिन हे मेंदूतलं रसायनही लागतं.

कंपवातात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरतात, हे आता घरोघरी माहीत आहे. पण २००३ साली जर्मनीतल्या हायको ब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं मांडलं की, बऱ्याच रुग्णांत बिघाडाची सुरुवात त्याही आधी मेंदूच्या देठात होते. म्हणजे वेदना दाबणारी यंत्रणा आणि डोपामिन, दोन्हींवर घाला. यजमानांना त्यांच्या भाषेत सांगा : ब्रेकचे लायनर झिजलेत, म्हणून साध्या उतारावरही गाडी आवरत नाही. एमआरआयमध्ये मणका दिसतो, गादी दिसते. ही रसायनं दिसत नाहीत.

हा नुसता तर्क नाही. २००५ साली फ्रान्समधल्या तुलूझच्या संशोधकांनी मोजक्याच रुग्णांवर एक प्रयोग केला. गारव्याने दुखायला कधी लागतं ते त्यांनी मोजलं. औषधाचा अंमल नसताना रुग्णांना निरोगी माणसांपेक्षा लवकर दुखू लागलं आणि मेंदूचा कुठला भाग किती काम करतोय ते दाखवणाऱ्या पेट (PET) स्कॅनमध्ये इन्सुला, सिंग्युलेट हे भाग जास्त पेटलेले दिसले. लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत ज्याचं डोपामिन होतं ते कंपवाताचं मुख्य औषध, दिल्यावर तीच माणसं जास्त गारवा सोसू शकली.

म्हणून माझा पहिला प्रश्न "कुठे दुखतं" हा नसतो. "गोळी किती वाजता घेतली आणि दुखलं किती वाजता," हे मी विचारते. तुमच्या घरी कालनिर्णय असेलच. दोन आठवडे त्याच्या चौकोनांत गोळ्यांच्या वेळा निळ्या पेनाने आणि दुखण्याच्या वेळा लाल पेनाने लिहा. पहाटे बोटं वळणं हे मला जवळजवळ नक्की डिस्टोनिया, म्हणजे स्नायू आपोआप आवळून पिळले जाणं, वाटतं : रात्रीच्या गोळीचा अंमल संपलेला, सकाळची अजून पोटात गेलेली नाही. गोळ्यांच्या वेळा किंवा प्रकार बदलून यात बराच फरक पडतो, पण तो बदल तुमच्या मेंदूरोगतज्ज्ञांनी करायचा. दुपारची, बोट ठेवता न येणारी आग ही वर सांगितलेल्या ब्रेकशी संबंधित असू शकते. मात्र तेवढ्यावर थांबू नका; बी १२ आणि साखर तपासून घ्या, कारण नसांच्या त्रासातही आग होते. दुपारच्या गोळीची वेळही बघा. ती वरणभात किंवा ताकाबरोबर जात असेल, तर प्रथिनांमुळे नीट शोषली जात नाही. जेवणाआधी अर्धा तास घेतलेली बरी.

खांद्याचं कोडंही इथेच सुटतं. थरथर दिसण्याआधी त्याच बाजूचा खांदा आखडणं हे आम्ही वारंवार बघतो. हात झुलायचा थांबतो, स्नायू ताठ होतात, सांधा धरतो.

आता सावधगिरी. मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक आणू नका. यजमान कंपवातासाठी रासाजिलिन किंवा सेलेजिलिन घेत असतील, तर ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक त्यांच्यासाठी धोक्याचं आहे. मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा चक्करेसाठी प्रोक्लोरपेराझिन कोणी लिहून दिलं, तर "यांना कंपवात आहे" असं लगेच सांगा. या औषधांनी ताठरपणा वाढतो. चालू गोळ्या मनाने बंद करू नका.

कपिकच्छू म्हणजे आपली खाजकुहिली. तिच्या बियांत लेव्होडोपाच असतं, त्यामुळे पावडर घेणं म्हणजे न मोजता डोस वाढवणं. घ्यायचीच इच्छा असेल तर डॉक्टरांना सांगून, लपवून नको.

प्रश्न : मला मधुमेह आहे, वय ५४. खांदा सहा महिने आखडला आहे. शेजारच्या काकांचंही असंच झालं आणि पुढे पार्किन्सन्स निघाला. मलाही होईल का? — एक वाचक, फोंडा

उत्तर : मधुमेहात खांदा आखडणं फार सर्रास होतं, आणि अशा बहुतेकांना कंपवात कधीच होत नाही. व्यायाम मनापासून करा, साखर आवरा. चालताना एकच हात झुलत नसेल, अक्षर बारीक होत चाललं असेल किंवा फोडणीचा वास येईनासा झाला असेल, तर मात्र मेंदूरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. यातलं काही नसेल तर काकांची काळजी करा, स्वतःची नको.