कारला पुढची नंबरप्लेट नसली तर चालतं का? मागे तर आहेच.

साताऱ्याच्या एका गृहस्थांनी विचारलंय. सेकंडहँड कार घेतली, एमएच ११ पासिंग, २०१६ ची. पुढचा बंपर बदलून रंगवून घेतला, आता त्याला भोकं पाडायला जीव होत नाही. मावसभाऊ ओहायोत राहतो, त्याच्या गाडीला पुढं प्लेटच नाही. तर आपणही पुढची प्लेट काचेमागं डॅशबोर्डवर ठेवली तर चालेल का, आणि पकडलं तर दंड किती.

नाही चालत.

एवढं लिहून थांबलो असतो, पण 'नवा रंगवलेला बंपर' वाचलं आणि चहा बाजूला ठेवून लिहायला बसलो.

सांगलीत मारुती चौकाजवळ माझं नंबरप्लेटचं दुकान होतं. १९९४ ला सुरू केलं. आधी ब्रशनं, मग रेडियम कटिंग. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्या शोरूममधूनच एचएसआरपी, म्हणजे सरकारी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, लावून यायला लागल्या, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णा दुकानात शिरली. त्यामुळं माझा धंदा सरकारनं बुडवला की नदीनं, यावर घरात अजून एकमत नाही. सांगायचं एवढंच, की पुढच्या प्लेटवर मी ऐकीव बोलत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम ५० आणि ५१ बघा. पुढं आणि मागं, दोन्हीकडं नंबर पाहिजे. अक्षरं इंग्रजी, आकडेही इंग्रजीच. (मराठी आकड्यांत नंबर लिहून द्या म्हणून माझ्याशी भांडलेल्यांची यादी केली तर वेगळं उत्तर होईल.) कारच्या अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, रेघेची जाडी १०, दोन अक्षरांतली जागा १०. दोरीला खडू लावून पत्र्यावर ताणायचा, टण्णकन सोडायचा, वर एक रेघ खाली एक रेघ, मधे नंबर बसवायचा. टर्पेंटाइनचा वास बोटांना रात्री जेवतानाही यायचा.

ओहायोचं म्हणाल तर तिथं १ जुलै २०२० पासून पुढची प्लेट सक्तीची राहिली नाही, हे खरं आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. वीसेक राज्यांत फक्त मागं चालतं, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, टेक्सासमध्ये दोन्हीकडं लागते. आपल्याकडं हा नियम केंद्राचा आहे. साताऱ्याला एक, सांगलीला एक असं नाही, आणि ओहायोचं पासिंग तुमच्या गाडीला नाही.

डॅशबोर्डवर ठेवायची आयडिया गॅरेजवाल्यानं दिली असणार. काच तिरकी, त्यावर ऊन पडलं की आतलं काही दिसत नाही, पावसात तर विषयच सोडा. शिवाय तुमची गाडी २०१९ च्या आधीची, म्हणजे तुम्हालाही एचएसआरपी बसवावीच लागणार. ती स्नॅप लॉकनं पक्की होते, एकदा बसली की लॉक तोडल्याशिवाय निघत नाही. सुटी प्लेट आत ठेवून फिरायला ती देवाची तसबीर नाही.

आता मुद्द्याचं. 'मागे तर आहेच' हे तुमचं वाक्य मी पहिल्यांदा २००६ साली ऐकलं, आमच्या दाजींच्या तोंडून. अक्काचे मालक. त्यांनी पांढरी गाडी घेतली, आणि आकडा निवडून घेतला ४१४१.

४१४१ का घेतात हे सांगलीकराला सांगायला नको. इंग्रजी ४ ची शेपटी जरा वळवली की द होतो, १ चा काना होतो, वर बारीक शिरोरेषा ओढली की झालं 'दादा'. तसंच २१४ चा राम, ४९१२ चा पवार. तेव्हा साध्या प्लेटचे मी साठ रुपये घ्यायचो, अशा प्लेटचे दीडशे. कामही चांगलं करायचो, उगाच नाही म्हणत नाही. द च्या शेपटीला मी एक छोटा आकडा द्यायचो, माशाच्या गळासारखा. ती माझी सही होती म्हणा.

दाजींना मी म्हणालो होतो, "दाजी, पुढची तरी सरळ लिहू द्या." ते म्हणाले, "मागं नीट नंबर लिव की. समोरचा माणूस काय नंबर वाचत बसतोय व्हय?" बहिणीचा नवरा, वर रोख पैसे. लिहिली.

२००८ साल, गणपतीच्या तीन आठवडे आधी. आमचे अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. संध्याकाळी सायकलवरून घरी येत होते, बाह्या नेहमीसारख्या पिवळ्या. वळणावर समोरून एक पांढरी कार आली, अण्णांना उडवलं, थांबली. मग तशीच रिव्हर्स घेतली, मागच्या बोळात शिरली आणि गेली. गाडीची पाठ कुणाला दिसलीच नाही. बघितलं फक्त कोपऱ्यावर कणसं भाजणाऱ्या मावशीनं, तेही तोंडावरून.

अण्णांच्या खुब्याचं हाड मोडलं. मिरजेत ऑपरेशन झालं. नंतर ते चालले, पण काठी घेऊन, आणि सायकल कायमची भिंतीला लागली.

हवालदारांनी मावशीला विचारलं, नंबर काय होता. मावशी म्हणाली, "नंबर न्हवता रं बाबा. दादा लिवलं हुतं."

हवालदार हसले. म्हणाले, "सांगलीत दादा म्हणजे एकच, पद्माळ्याचे वसंतदादा, आणि ते जाऊन एकोणीस वर्षं झाली." मीही हसलो. तिथंच उभा होतो मी, खिशात हात घालून. ती अक्षरं कुणाची, हे तिथं फक्त मला माहीत होतं. बोललो नाही.

रात्री दुकान उघडून वही काढली. प्रत्येक कामाची नोंद ठेवायची माझी सवय होती, नंबर, नाव, किती आले, किती बाकी. प्रत्येक सिरीजमध्ये ४१४१ एकदाच येतो, म्हणून अशा गाड्या फार नसतात. माझ्या वहीत तीन निघाल्या. एक मिरजेच्या कंत्राटदाराची. एक अथणीला विकली गेलेली. तिसरी आमच्या घरातली.

कंत्राटदाराची गाडी मी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन बघितली. जुना चिखल तसाच होता, ओरखडा नाही. अथणीला गेलो नाही. दाजींना विचारलं, तर त्या दिवशी गाडी इस्लामपूरला होती म्हणाले. असेल. पुढच्या आठवड्यात त्यांनी पुढचा बंपर रंगवून घेतला. गणपती येणार, पाहुणे येणार, गाडी चकचकीत पाहिजे, असं म्हणाले. दरवर्षी गणपती येतात. बंपर त्याच वर्षी रंगला.

मी आरोप करत नाही. पुरावा काही नाही, वहीसुद्धा २०१९ च्या पाण्यात गेली. आयर्विन पुलाखालची पाणीपातळी ५७ फुटांवर होती तेव्हा माझी वीस-पंचवीस वर्षांची वह्यांची थप्पी लगदा होऊन शटरखालून बाहेर आली. पण पुढं सरळ सरळ नंबर असता तर तीन गाड्यांवर संशय गेला नसता, एकीवरच गेला असता. किंवा दाजी बिनघोर सुटले असते. सतरा वर्षं दिवाळीच्या फराळाला मी त्यांच्या समोर बसतो आणि चिवडा खातो. दाजी, समोरचा माणूस नंबर वाचत बसतो. कारण धडक समोरून बसते.

त्या दिवसानंतर मी एकही दादा, राम, बॉस लिहिला नाही. गिऱ्हाईक बाजूच्या दुकानात गेलं. शेजाऱ्यांनी त्या पैशांत प्लॉटर मशीन घेतलं.

तर दंड. कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपये, परत सापडलात तर १५००. पूर्वी पहिल्या वेळचे १०० च होते, म्हणून लोक दंडाची पावती गाडीच्या कागदांबरोबरच ठेवायचे, थांबवलं की तीच दाखवायची. आता ई-चलन आहे, ते साठत जातं आणि गाडी विकायच्या वेळेला एकदम समोर येतं.

एचएसआरपीचा दर चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, दुचाकीला ४५०. ऑनलाइन बुकिंग करून ठरलेल्या सेंटरवरच बसवा. बाजारात हुबेहूब दिसणारी रेडियमवाली मिळते, 'आयएनडी' पण छापून देतात. घेऊ नका. खऱ्या प्लेटवर अशोकचक्राचा होलोग्राम असतो आणि लेसरनं कोरलेला दहा आकडी नंबर असतो, तो तुमच्या गाडीच्या नोंदीशी जोडलेला असतो. माझ्या हातचं काम त्याच्यापुढं देखणं होतं, पण त्यात हे काही नव्हतं. माझ्या पोटावर पाय देणाऱ्या प्लेटची मी बाजू घेतोय, घ्या समजून.

दुचाकीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. इंग्लंडमध्ये १९७५ पासून मोटारसायकलला पुढची प्लेट लागत नाही, कारण मडगार्डवरची ती पत्र्याची कड माणसाला कापायची. आपल्याकडं लागतेच, तेव्हा लावा, पण कड वाकलेली असेल तर सरळ करून घ्या. आणि मी काही आरटीओ एजंट नाही, कलमांचं बारीकसारीक तुमच्याकडच्या ऑफिसात विचारा.

बंपरचं म्हणाल तर बहुतेक बंपरला आतल्या बाजूनं प्लेटच्या जागी खुणा असतात. बंपर काढून आतून बघा, खुणेवरच भोक पाडा, आधी बारीक ड्रिल, मग मोठं. रंगावर चिकटपट्टी लावून वरून ड्रिल मारला की रंगाचा टवका उडत नाही. दोन भोकांचं काम आहे. डबल टेपनं चिकटवू नका, खंबाटकी घाट उतरेपर्यंत प्लेट राहील, पुढचं सांगत नाही.

आणि बंपर का बदलला ते तुम्ही लिहिलं नाही. मी विचारतही नाही. पण गॅरेजचं बिल तारखेसकट जपून ठेवा. दाजींकडं नव्हतं.