ठाण्यात चार-पाच सोसायट्यांना मिळून परिसराचा पर्यावरण आराखडा करायचा असेल, तर सुरुवात कुठून करावी?

ओल्या कचऱ्यापासून. सोलर वगैरे मागाहून. खर्चाचा विषय निघाला की सभेत नुसती भांडणं! ५,००० चौरस मीटरहून मोठ्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असं २०१६ च्या घनकचरा नियमांनीच सांगितलं होतं, म्हणजे कुरकुर करणाऱ्यांना उत्तर तयार.

खताच्या पिंपात भाजीच्या सालींवर वाळक्या पानांचा थर द्या. वास सुटला तर ओल जास्त झालीय, पानं वाढवा. म्हणून झाडलोटीतली पानं जाळू नका, पोत्यात भरून ठेवा.

बाकी आराखड्याला राज्य सरकारच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानातली भूमी, वायू, जल, अग्नी (म्हणजे ऊर्जा), आकाश (म्हणजे जनजागृती) ही सदरं घ्या. जवळ तलाव असेल (ठाण्यात असतोच) तर निर्माल्य कलश कोण रिकामे करणार, हे गणपतीआधीच ठरवा.